काचेआडची चेटकीण

व्हर्ना क्रायडरला राग येतो हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. शाळेची पिवळी बस तिनं निवृत्त होईपर्यंत चालवली. मागच्या बाकावर कुणी कुणाची टोपी ओढली की ती मान न वळवता ओरडायची, "वेस्ली, दे ती परत!" त्या वेस्लीला आता स्वतःची पोरं आहेत, तरी पोस्टात व्हर्ना दिसली की तो आधी स्वतःचीच टोपी काढून हातात धरतो.

मी तिच्या समोरच्या घरात राहते. तिचे बरेच राग मी पाहिलेत. बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं सगळा बर्फ तिच्याच दारात लोटला तेव्हाचा, चर्चच्या सुपात कुणीतरी ताज्या मक्याऐवजी डब्यातला घातला तेव्हाचा. ते येतात आणि संध्याकाळपर्यंत निवतात. पण गेल्या ऑक्टोबरात फायर हॉलमध्ये, म्हणजे गावच्या अग्निशामक दलाच्या सभागृहात, तिला आला तो राग निवला नाही. माझाही निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

तिचा धाकटा भाऊ डीन. गावातली निम्मी छपरं त्यानं घातलेली आहेत. काचबिंदूनं त्याचे डोळे हळूहळू नेले, आणि शेवटी शिडीच्या खालच्या पायरीवर पाय ठेवायलाही डॉक्टरांनी मनाई केली. बायको आधीच सोडून गेली होती. व्हर्नानं त्याला न विचारता त्याचं सामान आपल्या गाडीत भरलं आणि मागची खोली त्याला दिली.

ऑक्टोबरअखेर पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात, तो हॅलोविन म्हणजे डीनचा सण. कपड्यांत पेंढा कोंबून तो व्हर्नाच्या पोर्चवरच्या खुर्चीत बुजगावणं होऊन बसायचा, आणि पोरांनी चॉकलेटांच्या परातीत हात घातला की उभा राहायचा. किंचाळ्या पार आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. डोळे गेल्यावर त्यानं ते सोडलं. मग दर वर्षी त्या संध्याकाळी व्हर्नाच्या पोर्चचा दिवा बंद असायचा, आणि दिवा बंद असलेल्या घरी पोरं जात नाहीत.

व्हर्ना मात्र हॅलोविनची कागदी कामं करतच होती. ते तिचं जुनं वेड. बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती सीटवर बसून कार्डं करायची. काळी मांजरं, भोपळे, वटवाघळांच्या माळा. नुसतं कापून चिकटवणं तिला आवडत नसे. तिला कागदावर उठाव हवा असे. पुठ्ठ्यात चित्र कोरून साचा करायचा, तो काचेवर ठेवून खालून दिवा लावायचा, वर कागद उलटा ठेवायचा आणि गोल टोकाच्या सळईनं साच्याच्या कडेकडेनं दाबत जायचं. कागद सुलट केला की चित्र वर आलेलं. जिथं चमक हवी तिथं चिकट शाईचा ठसा मारून त्यावर भुकटी भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेचं यंत्र धरायचं. भुकटी वितळून काचेच्या थेंबासारखी फुगते.

एका संध्याकाळी टेबलावर कार्डं वाळत होती. डीन कॉफी पीत बसला होता. त्याच्या हाताला एक कार्ड लागलं आणि तो त्यावर अंगठा फिरवायला लागला.

"हे काय आहे व्हर्न? बटाटा?"

"बटाटा काय! भोपळा आहे तो!"

"भोपळ्याला फोडी असतात. ह्याला नुसतं बाहेरून कुंपण घातलंयस."

व्हर्नानं कार्ड हिसकावून घेतलं, पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की फोडी तिनं रंगानं दाखवल्या होत्या. उठाव फक्त कडेला होता. मला ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "इतकी वर्षं मी उठावाचं काम करत्ये म्हणत होते. डोळ्यांसाठीच करत होते. मग उठाव कशाला हवा होता गं?"

त्या दिवसापासून डीन तिचं गिऱ्हाईक आणि टीकाकार झाला. तिनं भोपळ्यापुढे बसलेलं मांजर केलं, तर तो म्हणाला, "मांजराच्या पोटातून देठ का आलाय?" तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं, कारण मला दिसत होतं की मांजर पुढे आहे. बोटांना पुढेमागे काही नसतं. एक वस्तू दुसरीवर चढली की दोन्हींचा काला होतो. मग तिनं प्रत्येक गोष्ट सुटी केली, मध्ये बोटभर मोकळा कागद ठेवला. मांजराच्या अंगावर सळईनं बारीक बारीक रेघा ओढल्या, त्या केसांसारख्या लागायच्या. डोळे वितळवलेल्या भुकटीचे, म्हणजे गुळगुळीत आणि थंड.

डीननं ते मांजर हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाला, "हे चावेल."

व्हर्नाला इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दर बुधवारी चर्चच्या तळघरात दृष्टी नसलेली मंडळी जमतात. डीन तिथं नाइलाजानं जायचा आणि कॉफीला नावं ठेवून परत यायचा. त्या बुधवारी व्हर्ना त्याच्याबरोबर कार्डांचा डबा घेऊन गेली. गाडीत जागा होती म्हणून मीही गेले.

तिथं थेल्मा रस्क होती. थेल्मा जन्मापासून आंधळी. जिल्ह्याच्या दवाखान्यात टेलिफोनवर बसायची. बाळंतपण असो की हाडमोड, गावानं आधी तिचाच आवाज ऐकलेला. व्हर्नानं तिच्या हातात चेटकिणीचं कार्ड दिलं. थेल्माची बोटं बुटांवरून वर गेली, झाडूवरून, नाकावरून, टोपीवर पोचली आणि थांबली. पुन्हा खाली आली. पुन्हा वर गेली.

"ह्या टोपीला काठ आहे?"

"आहे की. चांगला रुंद."

"चेटकिणीच्या टोपीला काठ असतो?"

तिचं बोट पुन्हा एकदा काठावरून गेलं.

"दर वर्षी कुणीतरी मला सांगतं, चेटकिणीची टोकदार टोपी," थेल्मा म्हणाली. तिचा टेलिफोनवरचा मऊ आवाज आता मऊ राहिला नव्हता. "टोकदार, टोकदार! मी आयुष्यभर त्या बाईच्या डोक्यावर आइस्क्रीमचा कोन उपडा घालून बसलेय. एकानं, एकानंही सांगितलं नाही की खाली काठ असतो!"

"सगळ्यांना वाटलं असेल, तुला माहीत असेल," मी म्हटलं.

"कसं माहीत असणार? तूच सांग ना, कसं?"

मी डब्यातली कार्डं चाळायला लागले. मग तिनं वटवाघूळ मागितलं, आणि पंखावर बोट फिरवता फिरवता एकदम ओरडलीच, "अरे, ह्याच्या पंखात बोटं आहेत!" तळघरातली सगळी मंडळी खुर्च्या ओढत तिच्याभोवती आली. त्या दिवशी कॉफी थंड झाली, आणि डीननंही तिला नावं ठेवली नाहीत.

थेल्मानंच व्हर्नाला कागद बदलायला लावला. व्हर्ना रंगीत पातळ कार्ड वापरायची, ते जास्त दाबलं की फाटायचं. थेल्मानं पिशवीतून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. तिथंही कागद मागच्या बाजूनंच टोचतात, अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडे, आणि कागद पलटला की ठिपके वर आलेले. "तुझं काम ते माझं काम," थेल्मा म्हणाली. "मी सहा वर्षांची असल्यापासून करतेय. फक्त मला कुणी त्यात चेटकीण काढायला शिकवलं नाही." मग दोघी टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसल्या. व्हर्ना ठिपके शिकत होती, थेल्मा मांजराची शेपटी.

त्यातून एक पट्टी निघाली. जाड सुती कागद जोडून केलेली लांबच लांब पट्टी, आणि तिच्यावर आमची अख्खी गल्ली, हॅलोविनच्या संध्याकाळची. डावीकडून सुरू करायचं आणि चालत जायचं, बोटांनी. पहिल्या घराच्या पायऱ्या, कुंपणाच्या फळ्या, पिशव्या घेतलेली पोरं, एकाच्या अंगावर चादर. चादरीच्या चुण्या इतक्या नाजूक की श्वास रोखून हात लावावासा वाटे. ओल्या पानांचा ढीग. चौथ्या घराच्या छपरावर चेटकीण, आणि त्या छपराच्या कौलांचा एकेक थर डीननं तपासलेला, "असं नसतं व्हर्न, खालचा थर आधी, वरचा त्याच्यावर," म्हणत तीनदा मोडायला लावलेला. खाली ब्रेलमध्ये ओळ, कोण कुठं राहतं ते सांगणारी. माझं घरही त्यात आहे. माझ्या दाराशी तिनं माझा मोडका मेलबॉक्ससुद्धा घातलाय.

व्हर्नाचा सगळा उन्हाळा त्यात गेला. भाज्या वाफ्यातच जून झाल्या.

आमच्या गावात दर ऑक्टोबरात फायर हॉलमध्ये हॅलोविनच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. बाहेर मोठ्या हंड्यात चिकन-मक्याचं सूप, आत टेबलं. समितीची अध्यक्ष ग्लेनिस हार्टमन. ग्लेनिस आणि व्हर्ना एकाच वर्गात होत्या. ग्लेनिस दुष्ट नाही, हे मी आधीच सांगते. आजारी माणसाकडे पहिला डबा तिचा पोचतो. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान समजलं असतं.

व्हर्नानं पट्टी दिली ती वर एक पाटी लावून, मोठ्या अक्षरांत आणि ब्रेलमध्येही: हात लावा.

परीक्षकांनी पट्टीला पहिलं बक्षीस दिलं. व्हर्नानं ते फोनवर ऐकलं आणि लगेच चर्चची व्हॅन मागितली. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे निघालो. डीन, थेल्मा, तळघरातले आणखी चारपाच जण, मी, आणि स्टिअरिंगशी व्हर्ना, बसच्या दिवसांसारखी ताठ. थेल्मानं खास नवा कोट घातला होता. डीन रस्ताभर सगळ्यांना बजावत होता, "छपरापाशी घाई करू नका, ते माझं काम आहे."

आम्ही आत गेलो. दाराशीच अग्निशामक दलाच्या करंडकांचं काचेचं कपाट असतं. करंडक काढून तिथं पट्टी लावली होती. वर दिवे, कडेला पहिल्या बक्षिसाची निळी फीत. कपाटाला कुलूप. आणि 'हात लावा' ही पाटीसुद्धा आत, काचेच्या आत, मखमलीवर नीट टेकवून ठेवलेली!

 डीन पुढे गेला होता. व्हर्नाच्या खांद्यावरचा हात काढून त्यानं समोर धरला, बोटं पसरली. बोटं काचेवर टेकली, इकडे तिकडे सरकली.

"व्हर्न," तो हळूच म्हणाला, "हे सगळं सपाट आहे."

व्हर्नाचा आवाज हॉलच्या त्या टोकाला सूप वाढणाऱ्यांनाही ऐकू गेला. "ग्लेनिस!"

ग्लेनिस हसत आली. हात पसरून आली, अभिनंदन करायला. "बघितलंस? करंडकांच्या कपाटात! आजवर हा मान कुणाला मिळाला नाही गं!"

"किल्ली दे."

"किल्ली दलाच्या चीफकडे आहे, आणि तो हॅरिसबर्गला गेलाय. का, काय झालं?"

"काय झालं? पाटी वाचता येते ना तुला?"

"अगं, पण शंभर लोकांचे हात लागणार! सूप खाऊन आलेले हात! चार दिवसांत वाट लागेल त्याची. इतकी सुंदर वस्तू! आम्ही ती जपतोय."

"कुणासाठी?"

ग्लेनिसला प्रश्नच कळला नाही. मग तिची नजर मागं उभ्या मंडळींवर गेली, त्यांच्या पांढऱ्या काठ्यांवर, आणि ती लाल झाली. वाटलं, आता तरी तिला समजेल. तिला समजलं ते भलतंच. ती थेल्माजवळ गेली, तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला सांगते हं, काय काय आहे ते. एक छान घर आहे, आणि त्याच्यावर ना, एक गोड चेटकीण आहे, टोकदार टोपी घातलेली..."

थेल्मानं हात सोडवून घेतला. "नको. सांगितलेलं मी पुष्कळ ऐकलंय."

"पण मी तर फक्त..."

"बाई, तुम्ही बाजूला व्हा."

ह्या सगळ्या वेळात डीन कपाटापाशीच होता. तो कपाटाच्या कडेनं हात फिरवत होता, वरून खाली, जसा छपराची गळती शोधायचा तसा. एका ठिकाणी थांबला.

"बिजागरीचे स्क्रू बाहेरच्या बाजूला आहेत," तो म्हणाला. "कुणी बसवलंय हे कपाट? लाज नाही वाटली त्याला?" आणि त्यानं खिशातून चाकू काढला.

"डीन, खबरदार!" ग्लेनिस ओरडली. "हे दलाच्या मालकीचं आहे!"

"मोडत नाहीये मी. सोडवतोय."

व्हर्ना भावाच्या आणि ग्लेनिसच्या मध्ये उभी राहिली. कुणी पुढे आलं नाही. पोरपणी तिच्या बसमधून गेलेले तिथं निम्मे होते. त्यातला एकही हलला नाही. स्क्रू एकेक करून डीनच्या तळहातावर आले, त्यानं ते मला दिले, आणि दार कुलपासकट बाजूला झालं. आम्ही पट्टी काढली, सुपाच्या टेबलावरचे ताट-वाडगे सरकवले आणि ती तिथं पसरली. सूप वाढणारा मर्ल ओबरहोल्झर फडक्यानं टेबल पुसून देत होता.

मग ते सगळे रांगेनं गल्लीतून चालले. मी उभी राहून पाहत होते. कुणी पानांच्या ढिगाशी रेंगाळलं. एक म्हातारा चादरीतल्या पोराशी थांबून स्वतःशीच हसला. थेल्मा छपरापाशी पोचली, टोपीचा काठ तिनं सावकाश फिरून घेतला, आणि रडली नाही, काही नाही, फक्त म्हणाली, "हं. आता बरोबर." डीन पट्टीच्या टोकाशी उभा होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "कौलं कशी वाटली?"

जाताना डीननं दार पुन्हा बसवून दिलं. स्क्रू पहिल्यापेक्षा घट्ट आवळले.

त्यानंतर जे झालं ते ऐका. समितीनं बक्षीस काढून घेतलं. कारण: वस्तू परवानगीशिवाय हलवली. साप्ताहिकात कुणीतरी लिहिलं की अपंगांना पुढे करून काही लोक गोंधळ घालतात. पुढे करून! जणू थेल्माला कुणी पुढे करू शकतं. चर्चमध्ये दोन बायका व्हर्नाशेजारून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. फीत परत मागायला समितीची एक मुलगी बिचारी संकोचत आली, तेव्हा व्हर्नानं कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. फीत तिनं डब्याच्या कडीला बांधली होती. "घट्ट गाठ आहे हं," ती म्हणाली, "वेळ लागेल."

हॅलोविनच्या संध्याकाळी तिनं पट्टी स्वतःच्या पोर्चच्या कठड्याला लावली आणि दिवा लावला. नियम एकच: डोळे मिटल्याशिवाय चॉकलेट नाही. राजकन्या, चाचे, सांगाडे डोळे गच्च मिटून कठड्याशी उभे राहिले. स्वतःच्या घराचं दार बोटांना सापडलं की किंचाळत होते. डीन खुर्चीत बसून कुणाचं बोट कुठं आहे हे त्यांच्या आवाजावरून ओळखायचा. आईबाप आधी फुटपाथवर उभे होते, मग तेही आले. हवा दमट होती, हात पुष्कळ होते. कार्यक्रम संपला तोवर कुंपणाच्या फळ्या दबून बसल्या होत्या, चादरीच्या चुण्या जवळजवळ गेल्या होत्या. चेटकिणीचे वितळवलेल्या भुकटीचे बूट आणि डोळे तेवढे शाबूत. ग्लेनिसचं खरं ठरलं होतं, हात लागून वाट लागली होती. मी तसं म्हटलं तर व्हर्ना माझ्यावरच भडकली.

"वाट लागली? वापरलं गेलं! तुझ्या स्वयंपाकघरातली पातेली झिजतात तेव्हा तू त्यांना कपाटात घालतेस का?"

वसंतात समितीचं पत्र आलं. गेल्या वर्षीच्या गैरसमजाबद्दल खेद, आणि या वर्षी खास 'स्पर्श-कोपरा' ठेवण्याचा विचार आहे. जागा: मागच्या बाजूला, कोट टांगतात तिथं, स्वच्छतागृहांच्या शेजारी. व्हर्नानं ते थेल्माला वाचून दाखवलं. थेल्मा म्हणाली, "मला कोपरा नको. मला परीक्षक व्हायचंय."

आणि ती खरंच समितीच्या बैठकीला गेली. व्हर्नानं गाडी काढली, मीही गेले. थेल्मानं उभं राहून सांगितलं, उठावाच्या कामाच्या विभागात मला परीक्षक घ्या.  मग ग्लेनिस अगदी गोड आवाजात म्हणाली, "कल्पना छानच आहे. पण थेल्मा, तुम्ही रंग कसे तपासणार?"

"तुम्ही उठाव तपासलात तसे," थेल्मा म्हणाली. "काचेच्या ह्या बाजूनं."

मर्ल ओबरहोल्झर मोठ्यानं हसला आणि त्यानं हात वर केला, "माझं मत हो." बाकीच्यांनी कागदांकडे पाहिलं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत त्याच्या पुढच्या. ग्लेनिस दर वेळी थेल्माला दाराशी घ्यायला येते, तिच्यासाठी गादीची खुर्ची ठेवते, तिला आवडतो तो सफरचंदाचा केक आणते, आणि दर वेळी विषय ढकलते. इतक्या गोड वागण्यावर काय करायचं, सांगा मला! शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती.

व्हर्ना सध्या नवी पट्टी करतेय. ह्या वेळी फायर हॉलची; दारात सुपाचा हंडा, आत टेबलं, आणि समितीच्या सात खुर्च्या, त्यांवर बसलेले सभासद, खुर्चीच्या पाठीवर ब्रेलमध्ये एकेकाचं नाव. प्रदर्शनाला देणार नाही म्हणते. परवा मी गेले तेव्हा ती दिव्याच्या काचेवर वाकून ग्लेनिसचे कुरळे केस दाबून काढत होती, आणि थेल्मा शेजारी बसून तपासत होती.

"नाक मोठं झालंय," थेल्मा म्हणाली.

"आहेच मोठं."

"मग राहू दे," थेल्मा म्हणाली, आणि तिनं पुढची खुर्ची मागितली.